व्याहीभेटीचे तीन इंच

मला उचलणार आहेत, हे मला माघात कळलं. उचलणार होते वैशाखात. मधले तीन महिने मी जमिनीवरच होतो, पण पाय टेकलेत असं एक दिवसही वाटलं नाही.

उचलणार म्हणजे पोलीस नव्हेत. पोलीस उचलतात तेव्हा निदान बँड लावत नाहीत. मला उचलणार होते माझे होणारे व्याही केरबा, माझ्या मुलीच्या लग्नात, मांडवाच्या दारात, सहाशे माणसांदेखत.

व्याहीभेट कशी असते हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. नवरदेवाची मंडळी दारात येतात. मुलीचा बाप पुढे होतो. दोन्ही बाप एकमेकांना हार घालतात, गळ्यात गळा घालतात. इथवर सगळं शास्त्राला धरून आहे. पुढचं शास्त्रात नाही, आमच्याकडे आहे. गर्दीतून कुणीतरी ओरडतं, "उचला की." मग ज्याच्या अंगात जोर जास्त, तो दुसऱ्याच्या कमरेला विळखा घालून त्याला अलगद वर घेतो. बायका तोंडाला पदर लावतात, फोटोवाला "अजून एकदा" म्हणतो, आणि वर गेलेला बाप हवेत पाय हलवत हसल्यासारखं करतो.

माझी उंची पाच फूट दीड इंच. तो दीड इंच मी कधी गाळत नाही. एकच झाड असलेल्या अंगणात माणूस पानंही मोजतो. वजन अठ्ठेचाळीस किलो. केरबा सहा फूट दोन इंच. तरुणपणी लाल मातीत घुमलेले, आता शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री, उचगावात घर. त्यांचा धाकटा मुलगा सम्राट आणि आमची मधुवंती यांचं एमआयडीसीतच जमलं. मुलगा सोन्यासारखा आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तो मला वाकून नमस्कार करतो तेव्हाही माझ्यापेक्षा फारसा खाली जात नाही, एवढंच.

लग्नाची बोलणी करायला आम्ही उचगावला गेलो, तेव्हा केरबांनी चहाबरोबर टीव्हीवर त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नाचं चित्रण लावलं.

"ह्ये बगा पावणं. ह्यो थोरल्याचा सासरा. ब्याण्णव किलू."

पडद्यावर केरबांनी त्या गृहस्थाला उचललं आणि तीनदा गरागरा फिरवलं. मी कप खाली ठेवला.

"त्यांना काही झालं नाही ना?" मी विचारलं.

"त्यास्नी काय हुतंय. लाथ सनईवाल्याला लागली."

निघताना दारात त्यांनी हसत हसत माझ्या बगलेत दोन्ही हात घातले आणि मला दोन बोटं वर उचलून पाहिलं. बाजारात कलिंगड पाहतात तसं. "पाखरू हाय की वो," ते म्हणाले. "लग्नात मजा येणार." सगळे हसले. मधुवंती हसली नाही. ती तुळशीकडे बघत राहिली, जणू तुळस पहिल्यांदाच पाहते आहे.

तिचं ते बघणं माझ्या काळजात काट्यासारखं मोडलं. मला उचलण्याची लाज नव्हती, खरंच नव्हती. मला लहानपणापासून लोकांनी उचललं आहे. शाळेत झेंड्याची दोरी अडकली की मास्तर मलाच वर करायचे. भीती निराळी होती. ज्या माणसाला उचलून ठेवता येतं, त्याचं बोलणंही उचलून बाजूला ठेवता येतं. उद्या त्या मोठाल्या माणसांच्या घरात माझ्या पोरीचं काही दुखलं-खुपलं आणि तिच्यासाठी मला चार शब्द बोलायला जावं लागलं, तर कोण ऐकणार? म्हणतील, पाखरू आलंय, दाणे टाका.

हे मी घरी भैरवीला सांगितलं. भैरवी माझी बायको, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच.

"उचलतील आणि खाली ठेवतील," ती शेंगा सोलत म्हणाली. "घरी घेऊन जाणार नाहीत."

बायकांना भीतीतलं बारीक काम दिसत नाही, असं मला त्या वेळी वाटलं. नंतर मत बदलावं लागलं, ते पुढे येईलच.

आमच्या वरच्या मजल्यावर यज्ञेश्वर सर राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी कात्रणं जमवायला घेतली आणि आता आमच्या मंगळवार पेठेत कुणालाही कसलीही अडचण आली तरी सरांकडे तिची फाइल निघते. माझं दुखणं ऐकून त्यांनी एक जाड फाइल काढली, तिच्यावर लिहिलं होतं, 'उंची (मानवी)'.

"हे बघ दत्तप्रसाद," ते चष्मा पुसत म्हणाले, "परदेशात यावर फार काम झालंय. बायकांना पुरुषांचे फोटो दाखवले. तोच पुरुष, तोच सदरा, फक्त एका फोटोत उंच केलेला. सगळ्यांनी उंच फोटोलाच देखणा म्हटलं. आणि देखणा माणूस बोलला की ते खरं वाटतं."

"आणि बुटका खरं बोलला तर?"

"तपासून घेतात."

मी खिन्न झालो. सरांनी दुसरं कात्रण काढलं. त्यात दाढीमिशा, तलवार आणि पायात चांगल्या चार बोटांच्या लाल टाचा घातलेला कुणी परदेशी सरदार होता. "उंच टाचा मुळात पुरुषांच्याच," सर म्हणाले. "घोडेस्वारांच्या. रिकिबीत पाय घट्ट अडकावा म्हणून. बायकांनी नंतर घेतल्या."

"पण माझ्याकडे घोडा कुठाय?"

"स्कूटर आहे ना."

मग त्यांनी पाटीवर दोन माणसं काढली, एक मोठा, एक मी. माझ्या पायाखाली तीन इंचांची रेघ मारून त्यांनी सिद्ध केलं की केरबांचे हात आता माझ्या कमरेऐवजी मांडीला लागतील, पकड बसणार नाही, आणि मुख्य म्हणजे उचलावंसंच वाटणार नाही. भूमितीत मला कधीच गती नव्हती. म्हणूनच बहुधा मला ते पटलं.

आमच्या मागच्या बोळात क्रांती नावाच्या बाईंचा चपलांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, चामड्याचा वास, आणि मध्ये पाटावर बसलेल्या क्रांतीबाई. सासऱ्यांच्या हाताखाली शिकून आता त्या एकट्याच चालवतात. त्यांनी माझा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली.

"किती वाढवू?"

"तीन इंच."

त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली आणि माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. या प्रवासाला फार वेळ लागला नाही. "पावणं, पायताण पायजे का जिना?"

मी हळू आवाजात कारण सांगितलं. बोळात माझ्यामागं दोन बायका उभ्या होत्या, त्यांनी तेवढ्याच हळू आवाजात ते पुढं पोचवलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं मला "व्याहीभेटीला काय वो?" असं विचारलं. पण क्रांतीबाईंनी हसण्यावारी नेलं नाही. उघड्या चपलेत एवढी टाच टिकणार नाही, म्हणाल्या. बंद जोडा करायचा, जुन्या लोकांचा असतो तसा पंपशू. दोन इंच बाहेरून दिसतील, एक इंच आत लपवायचा. पट्टीवर पट्टी चढवून, खिळे ठोकून.

"पर एक सांगते. पंधरा-ईस दिस घालून फिरा. न्हाईतर लग्नात चावंल. आनी पडलासा तर माझ्याकडं याचं न्हाई."

आठवड्यानं जोडा मिळाला. तपकिरी, देखणा, टाचा चौकोनी. मी तो कापडात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवला. मधुवंतीला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून घरी घालणं शक्य नव्हतं. उरलं माझं नोकरीचं कार्यालय. रोज घरून चपलेत निघायचं आणि कार्यालयाच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागं उभं राहून उंच व्हायचं, असं मी ठरवलं.

पहिल्या दिवसाबद्दल काय सांगू. जग तीन इंच खाली गेलं होतं आणि सगळं जग गुळगुळीत झालं होतं. जिना चढताना मला देव आठवले, उतरताना आईवडील. एकेक पायरी विहिरीच्या काठासारखी. कठड्याला धरून मी असा उतरत होतो की खालून येणारे शिपाई बाजूला होऊन उभे राहिले. त्यांना वाटलं मी काहीतरी सांडू नये असं घेऊन चाललोय. तसा मी स्वतःलाच घेऊन चाललो होतो.

खरं संकट दारातच होतं. आमच्याकडे हजेरीला चेहरा ओळखणारं यंत्र आहे. भिंतीवर एका पातळीला बसवलेलं. ज्या दिवशी चेहरे नोंदवले त्या दिवशी मी मान उंचावून, हनुवटी पुढे काढून उभा होतो, आणि यंत्राच्या पोटात माझा तोच चेहरा गेला. आता टाचांवर मी समोर आलो तर माझी नजर सरळ, हनुवटी खाली. यंत्रातली बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "चेहरा जुळत नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." मी पुन्हा प्रयत्न केला. चोवीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या मायेनं कुणी नाकारलं नव्हतं.

तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी टेबलावर कागद आला. 'आपण सलग तीन दिवस विनापरवानगी गैरहजर असल्याचे दिसून येते. सबब आपण मागितलेली विवाहकार्याची रजा नामंजूर का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सादर करावा.'

कागद मी दोनदा वाचला. मुलीच्या लग्नात बापच नाही, या चित्रात एक सोय होती हे मी नाकारत नाही. पण भैरवीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी खुलासा लिहायला बसलो. खोटं लिहिण्याची सवय नसल्यानं खरंच लिहिलं. 'सदर तीनही दिवस मी हजर होतो. तथापि माझी उंची तात्पुरत्या स्वरूपात तीन इंचांनी वाढल्यामुळे यंत्राने ओळख देण्यास नकार दिला. सदर वाढ कन्येच्या विवाहानंतर आपोआप संपुष्टात येईल. तरी कृपया सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.'

हा कागद आस्थापना शाखेच्या मोना मॅडमकडे गेला. त्यांना सगळं कार्यालय घाबरतं, मी जरा जास्त. त्यांनी मला बोलावलं, दार लोटून घ्यायला सांगितलं आणि कागद पुढे धरला.

"चोवीस वर्षं मी खुलासे वाचतेय. साप निघाला म्हणून उशीर झाला, हेही वाचलंय. उंची तात्पुरती कशी वाढते, दत्तप्रसाद?"

मी उत्तरादाखल टेबलाच्या बाजूनं एक पाय पुढे केला. त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची मागं सारून त्यांनी स्वतःचा पाय पुढे केला. काळी सँडल, सडपातळ टाच.

"तुमची किती?"

"तीन."

"माझी अडीच. अठरा वर्षं."

"दुखत नाही?"

"दुखतं की. रोज. विचारलंय कुणी?"

बाहेर फायलींचे गठ्ठे आपटत होते. "साहेबांच्या बैठकीला जायचं तर खोलीत सहा पुरुष असतात," मॅडम म्हणाल्या. "बसल्यावर टाचा कुणाला दिसत नाहीत. पण मला ठाऊक असतं." मग एकदम कोरड्या आवाजात त्यांनी मला सूचना दिल्या. जिना तिरका उतरायचा. खाली बघायचं नाही. ओल्या जमिनीवर पंजावर भार. "आणि टाचांवर उडी कधी मारायची नाही. भाचीच्या बारशात मी मारली, दीड महिना प्लास्टरमध्ये होते."

"आणि यंत्राचं?"

"गुडघे वाकवा."

म्हणजे वैशाखापर्यंत रोज सकाळी मी जिन्याखाली तीन इंच वाढायचो आणि दारात गुडघे वाकवून तीन इंच कमी व्हायचो, मग यंत्रातली बाई म्हणायची, "धन्यवाद. ओळख पटली." कुणाची पटली ते तिलाच ठाऊक.

पण एक कबूल करतो. भीतीच्या त्या दिवसांत दोनदा मला सुख झालं. पहिल्यांदा चौकात सिग्नलला. बावीस वर्षं मी स्कूटरवर एका पायाच्या अंगठ्यावर तोल धरून सिग्नल सुटायची वाट बघत आलो आहे. त्या दिवशी संध्याकाळी जोडा बदलायचा विसरून तसाच निघालो होतो, दोन्ही पाय टेकले. पुरते टेकले. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मला निघवेना.

दुसरं सुख घरातलं. मधुवंती खरेदीला गेली होती, तेव्हा भैरवीला जोडा घालून दाखवला. ती जवळ आली, माझी कॉलर नीट करू लागली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा मला तिचा भांग वरून दिसला. नदीकाठच्या पाऊलवाटेसारखा सरळ, आणि वाटेच्या दोन्ही कडांना पांढरं कुसळ उगवलेलं. इतकं पांढरं कधी झालं, मला ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षं मी तिच्या हनुवटीच्या बाजूनं तिला ओळखत होतो.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही."

"मग खाली या. जेवायला वाढते."

लग्नाच्या चार दिवस आधी मी डिकीतून जोडा काढला, तेव्हा टाचांखाली काहीतरी नवं दिसलं. काळं रबर, खाचा पाडलेलं, कडा अशा नेमक्या कापलेल्या की यंत्रावर कापल्यासारख्या. घसरू नये म्हणून चिकटवलेलं. क्रांतीबाईंना विचारलं, त्या न्हाई म्हणाल्या. भैरवीला विचारलं, तिला गोंद कुठाय तेही ठाऊक नव्हतं. मग मला कळलं. आमच्या घरात असं माप घेऊन काम करणारं एकच माणूस आहे, आणि ते एमआयडीसीत मशिनचे भाग आखतं. मी जोडा पुन्हा कापडात गुंडाळून डिकीत ठेवला. फक्त भीतीनं कूस बदलली. आतापर्यंत मी लोकांसमोर पडणार होतो. आता जिनं मला पडू नये म्हणून रबर कापलं, तिच्या लग्नात पडणार होतो.

हळदीला बायकांनी गाणी म्हटली. मुलीच्या बापावर एक ओवी असतेच, गाणाऱ्या बाईनं जागच्या जागी जुळवलेली:

मांडवाच्या दारी, बापाजी उभा राहे
सावली त्याची बाई, आभाळाला पाहे

सगळ्या जणी माझ्याकडे बघून गात होत्या. त्यात थट्टा नव्हती, रीत होती. मी आपली माझी सावली पाहिली. दुपारी साडेबाराची होती, पायाशी गोळा होऊन बसली होती.

लग्नाचं कार्यालय नवीन, पुढे मोठं हिरवं लॉन. सकाळी जाऊन पाहिलं तर माळी लॉनला पाणी पाजत होता. पाणी पाजत होता म्हणजे बुडवत होता. मी व्यवस्थापकाला विचारलं की दारातला एवढा पट्टा कोरडा ठेवता येईल का. "पाणी कराराप्रमाणं," तो म्हणाला. गालिचा आतून सुरू होत होता. व्याहीभेट बाहेर, गवतावर.

वरात आली. ढोल, ताशा, बँड, आणि पुढे फेटा बांधलेले केरबा, वळवाच्या ढगासारखे. त्यांच्या मागं तालमीतले वीस-पंचवीस गडी, मोबाइल वर धरून. माझा पायजमा शिंप्याकडून तीन इंच लांब करून घेतलेला, टाचा झाकलेल्या, फेट्याचा तुरा वर. मी चांगला पाच फूट साडेचार होतो. पण उभा राहिल्याबरोबर जाणवलं की डावी टाच गवतात शिरते आहे. मग उजवी. शांतपणे, लोण्यात सुरी जावी तशी. ज्या तीन इंचांसाठी मी तीन महिने मेलो, ते माझ्याच डोळ्यांदेखत मातीत चालले होते. पाय ओढून पाहिला. जोडा हलेना.

हार झाले. केरबांनी मला मिठीत घेतलं. अत्तराचा वास आला, आणि अत्तराच्या खालून दुखण्याच्या मलमाचा. गर्दीतून आवाज आलाच, "उचला की."

मी डोळे मिटले. काही झालं नाही. कानाशी केरबांचा श्वास लागला होता, धापेसारखा.

"पावणं," ते कुजबुजले, "मला उचलाय येत न्हाय."

"काय?"

"कंबर गेलीया. होळीच्या आदी साचा सरकवताना. आत पट्टा बांधलाय. डागदर म्हणला, दहा किलूच्या वर उचललंस तर कायमचा बसशील. पोरालाबी सांगितलं न्हाई."

"मग नका उचलू."

"तालमीची पोरं बगाय आल्यात. आज न्हाई उचललं तर आजच म्हातारा झालो." त्यांच्या हातांना घाम सुटला होता, माझ्या पाठीवरून मला तो कळत होता. "दोन म्हैनं झोप न्हाई मला. तुमचं नाव निघालं की छातीत धडधडतंय."

मला नीट ऐकू आलं का, असं वाटलं. सहा फूट दोन इंचांचा माणूस मला घाबरत होता. माझ्या आयुष्यात मला कुणी घाबरलेलं नाही. आमच्या बोळातली मांजरंही मी आल्यावर अंग चोरत नाहीत. आणि मी काय केलं होतं, तर अठ्ठेचाळीस किलो होतो.

पुन्हा ओरडा झाला, "अवो उचला की पैलवान." मोबाइल आणखी वर गेले. माझे पाय गवतात रोवलेले. जोड्यासकट उडी मारता येत नव्हती. जोडा सोडून मारता येत होती. सोडला की सहाशे माणसांना दिसणार होतं की मुलीच्या बापाच्या पायाखाली काय होतं. मनात मधुवंतीचं ते तुळशीकडे बघणं आलं. आणि माझ्या गालावर केरबांचा घाम आला, गरम, खारट, माझ्याच भीतीसारखा.

"मी उडी मारतो," मी म्हणालो. "तुम्ही नुसतं धरल्यासारखं करा."

"पडशीला."

"पडलो तर तुमच्यावरच."

मी जोड्यातून दोन्ही पाय काढले, ओल्या गवतावर पंजे रोवले आणि चिंचा पाडायला मारायचो तशी उडी मारली. केरबांनी नुसतं धरायचं होतं. पण जन्मभर माणसं उचललेले ते हात. त्यांनी मालकाला विचारलंच नाही. मी वर गेलो, खरोखरचा वर गेलो, आणि एक गिरकीही झाली. बँड पेटला. तालमीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

वरून मला ते दिसले. हिरव्या गवतात दोन तपकिरी जोडे, टाचा मातीत, तोंडं पुढे, माझ्यावाचून उभे. फोटोवाला कॅमेरा खाली घेऊन त्यांच्याकडे वळला. कुणीतरी एक जण हसलं, मग दुसरं, मग हसू लाटेसारखं मांडवाच्या टोकापर्यंत गेलं. मी शरमेची वाट बघत होतो. ती येतच होती, वाटेत होती, इतक्यात केरबा माझ्या पोटाशी तोंड धरून अगदी बारीक आवाजात "आई गं" म्हणाले आणि त्यांचं सगळं अंग ताठ झालं.

मी खाली घसरलो. ते तसेच वाकून राहिले, हात हवेत, मिठीच्या आकारात. चेहरा राखेसारखा. आणखी क्षणभरात सगळ्यांना कळलं असतं. मी पुढे सरकून त्यांच्या काखेत खांदा दिला.

नेमका बसला. कुबडी मोजून घ्यावी तसा. टाचांवर असतो तर त्यांच्या बरगड्यांत घुसलो असतो. त्यांनी सगळा भार माझ्यावर सोडला आणि मी, अनवाणी, पायजम्याच्या लोळणाऱ्या टोकांवर पाय देत, दातओठ खात उभा राहिलो.

"बगा, सोडवत न्हाईत एकमेकास्नी," गर्दीत कुणी बाई डोळे पुसत म्हणाली. यज्ञेश्वर सरांनी माझा जोडा गवतातून उपसून छातीशी धरला होता आणि ते गंभीरपणे हसणाऱ्यांकडे बघत होते. आम्ही दोघं, गळ्यात गळा घालून, वरपक्षाच्या खोलीकडे निघालो. तीस पावलं असतील.

"हळू," केरबा म्हणाले.

"मी हळूच आहे. तुम्ही जड आहात."

खोलीत नेऊन मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाठीमागं उशी दिली, दार लावलं. पट्टा सैल करून घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. ते बसलेले, मी उभा. आमचे डोळे बरोबर समोरासमोर होते. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"एक सांगायचं होतं," मी म्हणालो. "मधूबद्दल."

"सांगा की."

"ती रागावली की भांडत नाही. गप्प होते, आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते."

"बरं."

"तेव्हा तिला विचारायचं, काय झालं. पहिल्यांदा विचारलं की काही नाही म्हणते. लोक तिथंच सोडून देतात. दुसऱ्यांदा विचारायचं."

"दोनदा."

"दोनदा. घरात कुणीतरी दुसऱ्यांदा विचारणारं लागतं. आजवर मी होतो."

तोंडातल्या तोंडात केरबांनी ते पुन्हा म्हटलं, पाठ करावं तसं. बाहेर भटजी दार वाजवायला लागले, मुहूर्त जवळ आला म्हणून.

"थांबा वो जरा," केरबा दाराकडे न बघताच गरजले. "पावणं बोलाय लागल्यात."

मग माझ्याकडे वाकता येत नव्हतं म्हणून नुसता कान पुढे करून म्हणाले, "आनी?"